तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोला माहीत नाही. ज्यांच्याबरोबर रोज डबा खातो, त्यांनाही माहीत नाही. सहा वर्षं झाली. दोन-तीनदा अगदी ओठांवर आलं होतं — एकदा तर सावेडीत रस्त्याच्या कडेला स्कूटर उभी करून फोन हातात घेतला होता, नंबरही काढला होता — आणि मग काय केलं? फोन खिशात घातला, भाजी घेतली आणि घरी गेलो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. यातही भित्रेपणाच आहे, तो मला दिसतो.

कुठून सुरू करू? मशिनपासून करतो. मशिनबद्दल बोलायला मला जमतं. माणसांबद्दल बोलायची वेळ आली की मी — असो, ते पुढे येईलच.

मी नगरच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळतो. कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण बोलताना आम्ही नगरच म्हणतो. मशिनं चालू ठेवायची, मुलांचे पासवर्ड बदलून द्यायचे, प्रिंटर अडकला की उघडायचा — हे काम. कधी कधी रविवारी आमच्या लॅबमध्ये सरकारी भरतीच्या परीक्षा होतात. त्या घेणारी एजन्सी बाहेरची असते, जागा आणि मशिनं आमची. अशा वेळी ‘केंद्राचा तांत्रिक जबाबदार’ या शब्दांखाली सही माझी असते. जबाबदार. हा शब्द मी किती वेळा वाचला असेल, आणि त्याखाली किती वेळा सही केली असेल.

अश्विनी आमच्याच कॉलेजची. जामखेडच्या पलीकडच्या एका गावातली, इथे मावशीकडे राहून शिकलेली. सातवीत असताना तिची दृष्टी गेली. बी.ए. झाल्यावर ती दुपारी लॅबमध्ये यायला लागली, कारण तिला क्लार्कच्या जागेसाठी मराठी टायपिंगची परीक्षा द्यायची होती. मी तिच्यासाठी एक बोलणारा प्रोग्रॅम बसवला. तुम्ही जे बटण दाबाल ते तो हेडफोनमध्ये बोलून दाखवतो; ‘क’ दाबला की ‘क’ म्हणतो, शब्द पूर्ण झाला की शब्द म्हणतो, भाषा बदलली तर ‘इंग्रजी’ असं सांगतो. ज्याला पडदा दिसत नाही त्याच्यासाठी तोच पडदा.

ती कशी होती ते सांगायला हवं. नाहीतर तुम्ही एखादी बिचारी मुलगी डोळ्यांपुढे आणाल, आणि ती तशी अजिबात नव्हती. लॅबमध्ये पाऊल टाकल्या टाकल्या म्हणायची, “सर, सतरा नंबरचा पंखा आज घरघरतोय, बघून घ्या.” तो खरंच घरघरत असायचा. प्रोग्रॅमचा आवाज ‘ज्ञ’ म्हणताना अडखळायचा, त्याची ती नक्कल करायची. चार-पाच महिन्यांत तिचा वेग माझ्यापेक्षा जास्त झाला. प्रोग्रॅम कसा चालतो, कुठून सुरू होतो, बंद का पडतो — सगळं विचारून घ्यायची, आणि एकदा सांगितलेलं पुन्हा सांगावं लागत नसे. मला तिचा अभिमान वाटायचा. तिचा, की माझा? कॉलेजच्या वार्षिक अंकात आमचा फोटो आला होता. ती मशिनपाशी बसलेली, मी मागे हात बांधून उभा. खाली माझं नाव आधी होतं. तो अंक मी घरी नेऊन सगळ्यांना दाखवला.

आता थोडं तांत्रिक बोलतो. कंटाळू नका, कारण माझं खोटं नेमकं इथे लपलेलं आहे.

तो बोलणारा प्रोग्रॅम एकट्याने चालत नाही. त्याला लागणारे आवाज, उच्चार, जोडाक्षरांचे नियम वेगळ्या फाईलींमध्ये असतात. त्यांना लायब्ररी म्हणतात. त्या कुठल्या फोल्डरमध्ये ठेवल्यात हे प्रोग्रॅमला कुणीतरी सांगावं लागतं. ते कळलं नाही तर तो पडद्यावर इंग्रजीत एक ओळ लिहितो — अमुक लायब्ररी सापडली नाही — आणि गप्प बसतो. आमच्या लॅबमध्ये हा पत्ता मी अश्विनीच्या स्टार्टअप फाईलमध्ये लिहून ठेवला होता. म्हणजे तिने लॉगिन केलं की मशिन आधी ती फाईल वाचणार, पत्ता लक्षात ठेवणार, मग प्रोग्रॅम आपोआप बोलणार. सोपं.

परीक्षेच्या जाहिरातीत दिलं होतं की ज्या उमेदवाराला असा प्रोग्रॅम वापरायचा आहे, त्याने परीक्षा केंद्रामार्फत आधी अर्ज पाठवावा. एजन्सी परवानगी देईल आणि मशिनवर तशी सोय करून ठेवेल. अश्विनीने मुदतीच्या बरंच आधी अर्ज आणला. तिची आई बरोबर होती. आईनेच तो पिशवीतून काढून माझ्या हातात दिला, घडी पडू नये म्हणून वहीत घालून आणला होता. मला फक्त तो स्कॅन करून एका ईमेलला जोडायचा होता. दोन मिनिटांचं काम.

मी तो समोरच्या फाईलमध्ये ठेवला. जनरेटरच्या देखभालीची फाईल होती ती. कामाच्या गडबडीत ठेवला असं लिहायला बरं वाटेल. पण गडबड नव्हती. त्या दिवशी मी निवांत होतो. चहा प्यायलो, मोबाईल बघत बसलो, आणि अर्ज डोक्यातून गेला. मुदत संपली त्या दिवशीही मला काही आठवलं नाही.

आठवलं ते परीक्षेच्या आदल्या दिवशी, शनिवारी.

एजन्सीचा इंजिनिअर सकाळीच पुण्याहून आला. कुलकर्णी नावाचा, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, कामात चोख माणूस. त्याने सगळ्या मशिनांवर परीक्षेची सिस्टिम चढवली आणि सगळ्या स्टार्टअप फाईलींना कुलूप लावलं. म्हणजे त्या वाचता येतील, पण त्यांत एक अक्षर बदलता येणार नाही. कुणी उमेदवार आधीच काही लपवून ठेवू नये म्हणून हे करतात, बरोबरच आहे. मग त्याने एक फॉर्म पुढे केला आणि विचारलं, “विशेष सोयीचे अर्ज? यादीत तुमच्या केंद्राकडून काहीच आलेलं नाही.”

तेव्हा मला जनरेटरची फाईल आठवली. कपाट माझ्या पाठीमागेच होतं. मी मागे वळलोसुद्धा नाही.

“नाही,” मी म्हणालो.

“मग ‘निरंक’ लिहा आणि सही करा.”

मी निरंक लिहिलं आणि सही केली.

त्या महिन्यात माझी कायम होण्याची फाईल प्राचार्य मॅडमच्या टेबलावर होती. अकरा वर्षं मी कंत्राटावर होतो. हे का सांगतोय? तुम्ही विचारालच म्हणून. त्याने काही कमी होत नाही. ‘साहेब, एक अर्ज माझ्याकडून राहिला’ एवढंच म्हणायचं होतं. फार तर मेमो मिळाला असता. कुलकर्णी फोन करून परवानगी मिळवू शकला असता — त्याच्या वागण्यावरून मला तर वाटतं, त्याने मिळवलीच असती.

दुपारी अश्विनी आणि तिची आई मशिन बघायला आल्या. तशी सगळ्यांनाच मुभा होती. मी तिला सतरा नंबरवर बसवलं, तिने लॉगिन केलं, हेडफोन घातले. शांतता. मी पडद्यावर बघितलं — लायब्ररी सापडली नाही. स्टार्टअप फाईलमधली माझी ओळ गेली होती, आणि फाईलला कुलूप होतं.

“सर, बोलत नाही हा,” ती म्हणाली.

“सिस्टिम बदलली आहे त्यांनी. स्टार्टअप फाईल लॉक केलीय. त्यात आता काही लिहिता येत नाही.”

तिने हेडफोन एका कानावरून सरकवला. मग म्हणाली, “पण सर, त्या फाईलमध्येच लिहावं लागतं असं कुठंय? मागं एकदा तुम्ही मला वेगळी छोटी फाईल करून दाखवली होती. त्यात आधी पत्ता, मग खाली प्रोग्रॅमचं नाव. ती चालवली की पत्ता त्या प्रोग्रॅमपुरताच लागू होतो, बाकी कशाला धक्का लागत नाही. माझ्या स्वतःच्या फोल्डरला तर कुलूप नसेल ना?”

सगळं बरोबर होतं. शब्दन् शब्द. मीच शिकवलेलं, तिने जसंच्या तसं माझ्यापुढे ठेवलं. तिच्या फोल्डरला कुलूप नव्हतं. पण प्रोग्रॅम बोलायला लागला असता, तर कुलकर्णी जवळ आला असता. त्याने परवानगी विचारली असती. मग अर्ज निघाला असता, त्यावरची तारीख निघाली असती, आणि त्याच्या हातात माझ्या सहीचं ‘निरंक’ होतं — हे सगळं माझ्या डोक्यात किती पटकन जुळलं म्हणून सांगू. इतर वेळी माझं डोकं इतकं चालत नाही.

“ते वेगळं होतं,” मी म्हणालो. “या सिस्टिमवर ते चालत नाही. तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही.”

“आणि आपला अर्ज?”

“त्यांच्या यादीत तुझं नाव नाही. ते वाचक देतील तुला, त्याला वेगळा अर्ज लागत नाही. उतारा वाचून दाखवतील, तू टाइप करायचं.”

“पण मी काय टाइप करते ते मला ऐकू येणार नाही.”

“तुझी बोटं चुकत नाहीत, अश्विनी.”

हे मी बोललो. धीर दिल्यासारखं. ती हसली, हेडफोन काढून नीट गुंडाळून ठेवले आणि म्हणाली, “बरं, सर.” आई दारात उभी होती. तिला आमच्या बोलण्यातलं फारसं कळलं नसावं. जाताना मला म्हणाली, “सर, तुमी हाय म्हनून काळजी न्हाई आमाला.”

आता यापुढचं. हे मी माझ्या मनातसुद्धा कधी पूर्ण उच्चारलेलं नाही.

त्या दोघी गेल्यावर कुलकर्णी जेवायला गेला. लॅबमध्ये मी एकटा होतो. मी सतरा नंबरवर बसलो, अश्विनीचा पासवर्ड मला माहीत होता, आणि तिच्या फोल्डरमध्ये ती छोटी फाईल तयार केली. चार ओळी. वर पत्ता, खाली प्रोग्रॅमचं नाव. हेडफोन घातले आणि चालवली.

तो बोलला. स्वच्छ मराठीत ‘तयार’ म्हणाला. मी ‘क’ दाबला, तो ‘क’ म्हणाला. मी तिचं नाव टाइप केलं, ते त्याने वाचून दाखवलं.

का केलं मी हे? आपण खोटं बोललो की खरं, याची खात्री करून घ्यायला? तसं असेल तर खात्री झाली. कदाचित मला वाटत होतं की ते चालणारच नाही आणि मी सुटेन. चाललं. तरीही मी सुटायचा रस्ता धरला. ती फाईल पुसून टाकली. मग कपाट उघडलं, जनरेटरच्या फाईलमधून अर्ज काढला आणि फाडला. आधी दोन तुकडे, मग चार, मग मोजता येणार नाहीत इतके. कॉलेजच्या कचऱ्याच्या डब्यात टाकायची हिंमत झाली नाही. डब्याच्या पिशवीत घालून घरी नेले आणि घरच्या कचऱ्यात टाकले. इतकी काळजी मी अर्ज पाठवायच्या बाबतीत घेतली नव्हती.

रविवारी परीक्षा झाली. अश्विनीला वाचक म्हणून आमच्या ग्रंथालयातल्या एक बाई दिल्या. चांगल्या बाई, आवाज स्पष्ट. पण त्यांचं काम उतारा वाचायचं, आणि त्यांचे डोळे छापील उताऱ्यावर. पडद्याकडे बघा असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी मागच्या भिंतीपाशी उभा होतो, मशिन बंद पडलं तर धावायला.

सुरुवात झाली आणि तिची बोटं चालायला लागली. सगळ्या लॅबमध्ये तिच्या कीबोर्डचा आवाज वेगळा कळत होता, इतका एकसारखा. पहिले दोन परिच्छेद पडद्यावर उतरले. बघत राहावं असं टायपिंग, एकही चूक नाही. आणि मग कुठेतरी तिचं बोट भाषा बदलायच्या बटणाला लागलं. प्रोग्रॅम चालू असता तर त्याने लगेच सांगितलं असतं. तो बंद होता. त्या क्षणापासून पडद्यावर इंग्रजी अक्षरं यायला लागली. अर्थ नसलेली, एकामागोमाग एक, ओळीच्या ओळी. आणि तिची बोटं मात्र अचूकच चालली होती. प्रत्येक बोट योग्य बटणावर, योग्य वेळी. ती मनातल्या मनात मराठी लिहीत होती.

मी ते पाहिलं. पहिल्याच ओळीला पाहिलं.

बोलायची मनाई होती, हे खरं. पण पर्यवेक्षक माझ्यापासून चार पावलांवर उभे होते. त्यांच्या कानात सांगता आलं असतं. ‘मशिनचा प्रॉब्लेम आहे’ म्हणून पुढे जाता आलं असतं, तेवढ्यासाठीच तर मला तिथे उभं केलं होतं. मी काय केलं? मी खिडकीच्या बाजूला सरकलो. तिथून सतरा नंबर दिसत नाही.

वेळ संपल्याची घंटा झाल्यावर ती खुर्चीला टेकली आणि मान थोडी वळवून, मी कुठे असेन याचा अंदाज घेत म्हणाली, “सर, झालं बहुतेक चांगलं.” मी तिथे नसल्यासारखा उभा राहिलो.

निकाल लागला. दिव्यांगांसाठी राखीव अशी त्या भरतीत एकच जागा होती. त्या जागेपुढे ‘योग्य उमेदवार उपलब्ध नाही’ असं छापून आलं. ती जागा कुणालाच मिळाली नाही.

अश्विनीने तक्रार केली: मी वेळेत अर्ज दिला होता, तरी मला सोय मिळाली नाही. एजन्सीने कॉलेजला विचारलं. कॉलेजने मला. मी लेखी उत्तर दिलं — अर्ज प्राप्त नाही. तसेच स्टार्टअप फाईल लॉक असल्याने सदर प्रोग्रॅम चालवणे तांत्रिकदृष्ट्या शक्य नव्हते. दोन वाक्यं. त्यातलं एकही खरं नव्हतं. टाइप करताना हात थरथरला असेल असं तुम्हाला वाटतं? नाही. ‘तांत्रिक’ची वेलांटी पहिली की दुसरी, ते मी तपासून घेतलं.

मग एकदा प्राचार्य मॅडमनी सगळ्यांना समोरासमोर बोलावलं. मॅडम सज्जन बाई. त्यांनी अश्विनीला आणि तिच्या आईला बसायला सांगितलं, पाणी मागवलं. आई खुर्चीच्या कडेवर बसली. जामखेडहून सकाळच्या एसटीने आली होती.

“बाई, मी माज्या हातानं दिलाय अर्ज,” ती मॅडमना म्हणाली. “वहीत घालून आनला हुता. सरांच्या हातात दिला. लई दिस आधी. सरांनाच इचारा की. ते काय न्हाई म्हनायचे न्हाईत.”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. “सर, अर्ज आला होता का तुमच्याकडे?”

खोलीत आम्ही चौघं होतो. आई माझ्याकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर शंकेचा लवलेश नव्हता. आता सर सांगतील आणि विषय संपेल, असाच तो चेहरा होता.

“नाही,” मी म्हणालो. “त्या दोघी आल्या होत्या एकदा, बोलणं झालं होतं. पण अर्ज दिल्याचं मला आठवत नाही.”

आईने नुसतं तोंड उघडलं आणि मिटलं. मी टेबलावरच्या काचेकडे बघत होतो. मग अश्विनीने हात पुढे करून आईचा दंड शोधला, धरला, आणि म्हणाली, “आई, सर म्हणतायत तर नसेल दिला. दुसऱ्या कुठल्या फॉर्मबरोबर गोंधळ झाला असेल आपला.” आणि माझ्या आवाजाच्या दिशेने वळून, “सॉरी, सर. तुम्हाला उगाच त्रास झाला.”

ती माझी माफी मागत होती.

तेव्हा बोलायला हवं होतं. माणसात काही शिल्लक असेल तर ते तेव्हाच बाहेर यायला हवं होतं, नाही का? मी “असू दे” म्हणालो. असू दे. मॅडमनी कागदावर ‘तक्रारीत तथ्य आढळले नाही’ असं लिहिलं आणि तिघांच्या सह्या घेतल्या. अश्विनीच्या सहीसाठी जागा मी दाखवली. तिचं बोट धरून रेघेवर नेऊन ठेवलं.

दोन महिन्यांनी मी कायम झालो. स्टाफरूममध्ये पेढे वाटले.

अश्विनी पुन्हा लॅबमध्ये आली नाही. मावशीकडचा मुक्काम हलवून गावाला गेली. परीक्षा पुन्हा दिली नाही, असं तिच्या एका मैत्रिणीकडून कळलं. “म्हणते, माझी बोटं चुकतात, सर,” मैत्रीण सांगत होती. “तिला वाटतं, त्या दिवशी तिचंच चुकलं. घाबरून बोट भलतीकडे पडलं. एवढी तयारी होती तिची, कसं काय झालं असेल हो?” मी म्हणालो, होतं असं कधी कधी.

तुम्ही म्हणाल, तिची नोकरी गेली म्हणून मला वाईट वाटतं. वाटतं. पण झोप उडते ती दुसऱ्याच गोष्टीने. एका बटणाला चुकून लागलेला धक्का सोडला, तर तिची बोटं चुकत नव्हती. त्यांच्यावर तिचा जो भरवसा होता, तोही मी घेतला. आणि हे जगात फक्त मला माहीत आहे, कारण तिला तो पडदा कधी दिसला नाही.

मध्ये वर्षं गेली. दर शिक्षकदिनाला तिचा आवाजी मेसेज येतो. मी ऐकतो. खाली हात जोडल्याचं चित्र पाठवतो — आणि मग लक्षात येतं की ते तिला दिसणार नाही, फोन फक्त ‘जोडलेले हात’ असं म्हणून दाखवेल.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. मी कॉलेजात होतो. इतक्या वर्षांनी तिचा आवाज थेट ऐकला आणि पहिला विचार आला तो हाच, की तिला कळलं.

तसं नव्हतं. भावाने तिला एक जुना लॅपटॉप घेऊन दिला होता. तिने स्वतःच तो बोलणारा प्रोग्रॅम त्यात घातला होता, पण तो सुरू होत नव्हता. पडद्यावर काय येतंय ते भावाने अडखळत वाचून दाखवलं. तीच ओळ. लायब्ररी सापडली नाही. जुन्या कुठल्या तरी कार्यालयातला लॅपटॉप होता, स्टार्टअप फाईलींना कुलूप, आणि पासवर्ड कुणालाच माहीत नव्हता.

“सर, यातही तसंच कुलूप आहे,” ती म्हणाली. “म्हणजे यावरही शक्य नाही ना?”

इथे मी काय म्हणायला हवं होतं, ते तुम्हाला कळतंय. मलाही कळत होतं.

मी तिला चार ओळी सांगितल्या. एकेक अक्षर, एकेक चिन्ह. तिने भावाला बाजूला करून स्वतः टाइप केल्या. बटणांचा तो एकसारखा आवाज मला फोनवर ऐकू येत होता. मग फाईल चालवली, आणि फोनमधून, लांबून, तो आवाज आला: ‘तयार’.

तिने ‘क’ दाबला, तो ‘क’ म्हणाला. मग हळूच म्हणाली, “सर, मग तेव्हा का नाही चाललं?”

फोन कानाला लावून मी लॅबच्या मधोमध उभा होतो. आजूबाजूला मुलं होती. कुणाचं लक्ष नव्हतं. एक वाक्य हवं होतं. एकच.

“तेव्हाची सिस्टिम वेगळी होती,” मी म्हणालो.

“बरं, सर.”

मग आईने फोन घेतला. आवाज थकलेला वाटला. “सर, पोरीचं मशिन बोलाया लागलं बगा. लई उपकार झाले. कदी जामखेडकडं आला तर घरी या.” मी हो म्हणालो. तिने फोन खाली ठेवला असावा, पण बंद केला नव्हता. बंद करायचं तिच्या लक्षात आलं नाही. मीही केला नाही. ऐकत राहिलो.

आई मुलीला म्हणत होती, “काय बी म्हन, अर्ज आपुन दिला व्हता. मला चांगलं आठवतंय. वहीत घालून नेल्ता.”

आणि अश्विनी म्हणाली, “सोड ना आता, आई. सर कशाला खोटं बोलतील?”

लॅपटॉपचा आवाज एकेक अक्षर म्हणून दाखवत होता. मी फोन बंद केला. त्यानंतर तिला फोन केलेला नाही.